समोरच्या दारातला कझाकस्तान

मला आयुष्यात भेटलेली पहिली कझाक बाई लिफ्टमध्ये भेटली, आणि तिच्या हातात माझ्या नातीची पाण्याची बाटली होती.

या भेटीचं मला एवढं अप्रूप का, ते कळायला थोडं मागचं सांगायला हवं. बार्शीच्या एका कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. तिसऱ्या वर्षाला आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरात एक प्रकरण होतं: सोव्हिएत संघ फुटल्यावर स्वतंत्र झालेली राष्ट्रं आणि त्यांचा बडा शेजारी रशिया. ते प्रकरण शिकवायला कुणी तयार नसायचं म्हणून माझ्या गळ्यात पडलं, आणि पुढे त्याच्यावर माझा जीव जडला. कझाकस्तानच्या राजधानीचं नाव मी माझ्या नोट्समध्ये चार वेळा खोडून लिहिलेलं आहे, कारण त्या लोकांनी आधी राजधानी हलवली आणि मग तिचं नाव पुन्हा पुन्हा बदललं. दर वेळी मुलं वैतागायची आणि मी खूश व्हायचे. पण एवढं सगळं शिकवूनही त्या देशातलं एक माणूस मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. बार्शीत कुठून दिसणार?

निवृत्त झाल्यावर लेकीनं, मधुरानं, दुबईचं तिकीट पाठवलं. महिनाभर राहून जा म्हणाली. विमानप्रवासाबद्दल लिहीत नाही. मधली सीट मिळाली आणि पाय सुजले, एवढंच.

डिस्कव्हरी गार्डन्स

मधुरा, जावई निखिल आणि सहा वर्षांची इरा डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहतात. चार-पाच मजल्यांच्या, एकसारख्या दिसणाऱ्या इमारती, मधूनमधून खजुराची झाडं आणि पाइपानं पाणी पाजून जगवलेली हिरवळ. फेब्रुवारीची हवा इतकी छान होती की मी शाल अंगावर घेऊन बाल्कनीत बसायचे. खाली पाहिलं की सगळं जग भाजी घेऊन घरी चाललेलं दिसायचं.

तर लिफ्ट. विमानतळावरून आलो, सामानासकट आत शिरलो, आणि आत एक उंच, रुंद गालांची, हसऱ्या चेहऱ्याची पस्तिशीची बाई उभी होती. इरानं तिच्याकडून आपली बाटली घेतली आणि तिच्या कमरेला मिठी मारली.

मधुरानं ओळख करून दिली. समोरच्या फ्लॅटमध्ये राहते, नाव आयगुल. मग मराठीत हळूच म्हणाली की फोनवर सांगायचे ना, तीच ही रशियन. मी तिथेच तडकले. आयगुल हे नाव रशियन कुठून असेल? मी त्या बाईलाच इंग्रजीत विचारलं, कुठल्या तुम्ही? ती म्हणाली, कझाकस्तान. पुढचा प्रश्न ‘ते कुठे आलं’ असाच असणार, या तयारीनं म्हणाली.

मग काय विचारता. तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत मी बोलत होते. रशियाशी तुमची जगातली सगळ्यात लांब सलग सरहद्द, सोव्हिएत संघातून स्वातंत्र्य जाहीर करणारे तुम्ही सगळ्यात शेवटचे, रॉकेट सोडायचा तळ तुमचा पण भाड्यानं रशियाकडे, एक तेलवाहिनी चीनकडे, आणि परराष्ट्र धोरण असं की कुणाशीच वाकडं घ्यायचं नाही. लिफ्ट थांबली तरी माझं संपेना. दारात पाय अडकवून मी शेवटचा मुद्दा पुरा केला.

आयगुल हसून हसून लाल झाली होती. “तीन वर्षं इथे आहे,” ती म्हणाली, “सगळे मला रशियनच समजतात. तुम्हाला तर माझ्या देशातलं सगळंच माहीत आहे.”

“ऑलमोस्ट,” मी नम्रपणे म्हटलं.

घरात आल्यावर मधुरानं मला तिचं महत्त्व समजावलं. मधुराला सहा महिन्यांपूर्वी देरामधल्या एका ट्रेडिंग ऑफिसात नोकरी लागली, आणि त्या नोकरीचा सगळा डोलारा या बाईवर उभा आहे. इरा अडीचला स्कूल बसमधून उतरते आणि मधुरा घरी यायला साडेसहा होतात. मधले चार तास इरा आयगुलकडे. आयगुल घरं विकणाऱ्या एका कंपनीत सकाळच्या पाळीला रशियन बोलणाऱ्या गिऱ्हाइकांचे फोन घेते आणि दोनपर्यंत परत येते. इराला सांभाळायचे पैसे द्यायचा विषय काढला की कानावर हात ठेवते. ती नसती तर मधुरा केव्हाच घरी बसली असती.

हे ऐकून मी ताबडतोब जाहीर केलं की आता आजी आली आहे, तेव्हा महिनाभर इरा शाळेतून थेट घरीच येईल, परक्या बाईला त्रास नको. इराचा चेहरा पडला. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पहिला चहा

दुसऱ्याच दिवशी मी आयगुलला चहाला बोलावलं. बार्शीहून नेलेल्या कडक भाकऱ्या काढल्या, शेंगदाण्याची चटणी काढली, वर तेल घातलं. आलं ठेचून, दूध आटवून चहा केला. आमच्याकडे पाहुण्याचा कप काठोकाठ भरला नाही तर घरातल्या बाईचं मन लहान समजतात. मी तो असा भरला की उचलताना थोडा बशीत सांडलाच पाहिजे.

आणि कप तिच्यापुढे ठेवता ठेवता मी अठ्ठावीस वर्षं मनात धरलेला प्रश्न विचारला, की इतक्या मोठ्या शेजाऱ्याला लागून राहायचं तर भीती नाही का वाटत?

आयगुलनं कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “सवय होते,” म्हणाली. तो वाफाळता चहा तिनं भराभर संपवला, भाकरीचा एक तुकडा तोंडात टाकला, आभार मानले आणि उठली. दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

संध्याकाळी मधुराच्या फोनवर तिचा मेसेज आला, की तुझी आई आली आहे, छान झालं, आता माझी गरज पडणार नाही. मधुरानं तो दोनदा वाचला.

“आई, तू काय बोललीस तिच्याशी?”

मी सांगितलं.

“तिची व्हायवा घेतलीस? ती चहाला आली होती ना? तू महिन्यानं जाशील. हिनं नाही म्हटलं तर खलास, मला राजीनामा द्यावा लागेल.”

मला रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी मी माझं नवं धोरण ठरवलं. राजकारणाचा शब्द काढायचा नाही आणि पाहुणचार वाढवायचा. दोन आठवड्यांत मी तिला आणखी तीनदा बोलावलं. शेंगापोळी केली, थालीपीठ केलं, एकदा तर धपाटे. हवापाणी, केसांचं तेल, इराचे पडलेले दात, एवढंच बोलले. कपही लहान वाटायला लागले म्हणून निखिलचे कॉफीचे मोठे मग काढले आणि तेही गळ्यापर्यंत भरले. बिचारी एका दमात प्यायची आणि दर वेळी आधीच्यापेक्षा लवकर उठायची. इरा तिच्या मागे दारापर्यंत जायची आणि मी तिला हाक मारून परत बोलवायचे.

देरा

मधल्या एका शनिवारी निखिलनं आम्हाला देरा दाखवायला नेलं. मेट्रोत मी मोकळा डबा पाहून ऐटीत बसले, पाय लांब केले. तो जादा तिकिटाचा निघाला. तपासायला आलेल्या मुलीनं इतक्या गोड आवाजात उठवलं की मीच तिला थँक्यू म्हणाले. निखिल पुढची तीन स्टेशनं मला ऐकवत होता, “दंड शंभर दिरहम आहे आई, म्हणजे चोवीसशे रुपये. सुटलात.”

खाडीवर एक दिरहम देऊन लाकडी होडीतून पलीकडे जाता येतं. आम्ही तीनदा गेलो आणि आलो, कारण इराला आणि मला दोघींनाही पुरे म्हणवेना. वारा असा की माझ्या पदराचं शीड झालं. धक्क्यावर मोठी लाकडी गलबतं एकमेकांना चिकटून उभी होती. त्यांच्यावर फ्रीज, टायर, गाद्या, बिस्किटांची खोकी असा संसार चढत होता. एका गलबतावर खलाशी मासे तळत होते आणि वास आमच्यापर्यंत येत होता. कुठे चाललं हे सगळं, विचारलं तर एकानं पाण्याकडे हात करून सांगितलं, इराण.

मला राहवेना. निखिलला धरून मी तिथेच तास घेतला. पाण्यापलीकडे इराण, वाळूपलीकडे सौदी. या सात अमिरातींचा देश झाला तो माझा धाकटा भाऊ जन्मला त्या वर्षी, म्हणजे अजून तसा तरुणच. दोन्ही बाजूंना एवढे थोर शेजारी असताना या लोकांनी काय केलं? मधोमध दुकान मांडलं. भांडणारेसुद्धा दोघं इथेच माल घ्यायला येतात. निखिल म्हणाला की आई, हे एकदम करेक्ट आहे, पण आता कडक चहा घेऊ या. त्याला इथे खरोखर कडकच म्हणतात, वेलदोडा घालून देतात, आणि मी परक्या गावात इतका चांगला चहा प्यायले नव्हते.

घरी परतताना इमारतीच्या खालच्या दुकानात कोथिंबीर घ्यायला थांबले. दुकानदार जमालभाई सिल्हेटचे, पन्नाशीचे. रोजचं येणंजाणं असल्यानं ओळख झाली होती. मी आनंदात होते, म्हटलं, बांगलादेश तो हमारा अपना ही है. त्यांनी कोथिंबिरीची जुडी झटकली.

“मॅडम, बुरा मत मानना,” ते म्हणाले. “ये अपना सुनके हम लोग थोडा डरता है. बडा पडोसी पहले अपना बोलता है, फिर हमारे घर का फैसला खुद करता है.”

आणि हसून त्यांनी पिशवीत एक लिंबू फुकट टाकलं. मीही हसले. पण लिफ्टमध्ये ते वाक्य मला बोचायला लागलं. अठ्ठावीस वर्षं मी लहान देशांची बाजू घेऊन पोटतिडकीनं बोलले, आणि या सगळ्या काळात मी स्वतः कुणाची तरी बडी शेजारीण आहे हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. दिल्ली आणि ढाका मला लगेच आठवले. आमच्या तिसऱ्या मजल्याचं मात्र डोक्यात आलं नाही.

समोरचं दार

बुधवारी दुपारी आयगुल माझा शेंगापोळीचा डबा परत द्यायला आली. आपल्यासारखंच त्यांच्याकडेही भांडं रिकामं परत करत नाहीत. डब्यात बाउरसाक होते, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे. बिनसाखरेची शंकरपाळी फुगून टम्म झाली तर जशी लागेल तसे. मी उभ्या उभ्या चार खाल्ले. ती दारातूनच वळली, तेव्हा मी न बोलावता तिच्या मागोमाग तिच्या घरात शिरले.

घर एका खोलीचं, पण लख्ख. भिंतीवर लोकरीची रंगीत पट्टी आणि सात-आठ वर्षांच्या एका मुलीचा फोटो. माझी लेक, दाना, ती म्हणाली. तिकडे कझाकस्तानात, शिमकेंतला आजीजवळ असते, कारण तिला इथे आणून शाळेत घालणं अजून जमत नाही. मग तिनं चहा केला, आपल्यासारखाच दूध घालून, आणि बिनकानाच्या वाडग्यात ओतून दोन्ही हातांनी मला दिला.

अर्धासुद्धा नव्हता. तळ जेमतेम झाकला होता.

मी दोन घोटांत संपवला. तिनं वाडगा घेतला, पुन्हा तेवढाच ओतला. पुन्हा संपला, पुन्हा तेवढाच. किटलीत भरपूर चहा दिसत होता. माझ्या कानशिलांत ऊन ऊन व्हायला लागलं. आमच्याकडे गवंडीकामाला आलेल्या माणसालाही कोणी असा मोजून चहा देत नाही. चौथ्या वेळी मी वाडग्यावर हात ठेवला, बरं आहे म्हटलं आणि निघून आले.

इरा जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. मी ओट्याशी आदळआपट करत तिलाच ऐकवलं की तुझी आयगुल आंटी चहा देताना काय हात आखडते गं.

इरानं मान वर केली नाही. “नो आजी. लिटल मीन्स स्टे. शी विल गिव्ह अगेन अँड अगेन. फुल मीन्स फिनिश अँड गो होम.”

“हे तुला कोणी सांगितलं?”

“एव्हरीवन नोज.”

मी गॅस बंद केला आणि खुर्चीत बसले. पहिल्या दिवशीचा काठोकाठ कप आठवला, मग निखिलचे मग आठवले. चार वेळा. मी त्या बाईला चार वेळा घरी बोलावून चार वेळा घालवून दिलं होतं, तेही शेंगापोळी खायला घालून. मला आधी घाम फुटला आणि मग असं हसू यायला लागलं की इरा घाबरून पाणी घेऊन आली.

तशीच अनवाणी समोर गेले. आयगुलनं दार उघडलं. मी धापा टाकत सांगितलं की आमच्याकडे भरलेला कप म्हणजे मान, अर्धा म्हणजे अपमान, आणि मला तुमच्याकडचं ठाऊक नव्हतं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग दाराला टेकून तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसते की रडते ते मला कळेना. दोन्ही चाललं होतं.

“इथे सगळेच कप भरून देतात, ते मला माहीत आहे,” ती डोळे पुसत म्हणाली. “ऑफिसात मी रोज भरलेला कप पिते. पण तुम्ही तर माझ्या देशाचं सगळं जाणणाऱ्या बाई. तुम्ही भरलात म्हणजे मुद्दाम भरलात, असं वाटलं.”

माझ्या नोट्समध्ये तेलवाहिन्या होत्या, तह होते, राजधानीची सगळी नावं होती. चहा नव्हता. मी अगदी मनापासून शरमले, आणि तिला तसं सांगितलंही.

तिनं मला आत नेलं, बसवलं आणि पुन्हा तो घोटभर चहा दिला. या वेळी तो मला अमृतासारखा लागला. मग ती जे बोलली ते माझ्या जन्मभर लक्षात राहील.

“पहिल्या दिवशी तुम्ही विचारलं, मोठ्या शेजाऱ्याची भीती वाटते का. रशिया दूर आहे हो. या दोन आठवड्यांत मला भीती वाटत होती ती तुमची. तुम्ही एका दिवसात इरा काढून घेतली, आणि मला विचारलंसुद्धा नाही. ती आता कधीच येणार नाही असं मी धरून चालले होते. दुपारी अडीच वाजता मी दारामागे तिच्या आवाजाला कान लावून बसते.”

भिंतीवरून दाना आमच्याकडे बघत होती. मधुरा समजत होती की आयगुलवाचून तिचं अडतं. आयगुलचंही इरावाचून अडत होतं, आणि मध्ये मी प्रेमाच्या तोऱ्यात पाय पसरून बसले होते. जमालभाईंचं ते ‘अपना’ आठवून मला फार वाईट वाटलं. मी तिचे हात धरले आणि तिची माफी मागितली. माफी मागताना मी इंग्रजीवरून मराठीवर कधी आले ते कळलंच नाही, पण तिला सगळं समजलं.

रविवार आणि सोमवार

रविवारी आमच्याकडे पंगत झाली. आयगुलनं शिमकेंतला व्हिडिओ कॉल लावला. तिची आई माझ्याच वयाची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. मी कडक भाकरी पडद्यापुढे धरली आणि वाजवून दाखवली, तेव्हा तिनं विचारलं की ही भाकरी आहे की ताट. दानानं आणि इरानं एकमेकींना आपापले पडलेले दात दाखवले. निखिलनं सगळ्यांना चहा दिला, प्रत्येक कपात घोटभर, आणि भरून भरून दमला. मधुरा माझ्या कानात म्हणाली की आई, तू गेल्यावरही ती इराला सांभाळणार आहे, माझी नोकरी वाचली. मी म्हटलं की मी गेल्यावर कशाला, उद्यापासूनच.

सोमवारी अडीचला मी मजल्यावर उभी होते. तसं काही काम नव्हतं, सवय. समोरचं दार उघडं होतं आणि उंबऱ्यात आयगुल. लिफ्ट उघडली, इरा पाठीवरचं दप्तर उडवत पळत आली. माझे हात आपोआप पुढे झाले. ती माझ्या बाजूनं सुसाट गेली आणि आयगुलच्या पोटावर जाऊन आदळली. पुढे केलेल्या हातांनी मी पदर सारखा केला.

आयगुलनं तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. चालेल ना, असं विचारणारं ते बघणं होतं, आणि तिनं माझी परवानगी मागावी, तेच मला नको होतं. मी पुढे झाले, तिच्या उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि तिथेच थांबले.

“मी आत येऊ का?” मी विचारलं.

आयगुल उत्तर देणार, इतक्यात आतून इराचा आवाज आला, “ओके आजी, यू कॅन कम.”